डोमाजी पाणकराचा डाट

डोमाजीने मला सरकारी कागदावरचा एक शब्द खोडायला लावला होता. माझ्या सगळ्या नोकरीत हे एकट्या त्यालाच जमलं.

अर्जुनी मोरगावच्या पुढे, आतल्या एका गावच्या छोट्या दवाखान्यात मी औषधाच्या खिडकीत बसत असे. राहायला मी गोंदियाजवळच्या मुर्रीची. सकाळी गोंदियाहून गाडी, तिथून पुढे शेअर ऑटो, आणि मग दिवसभर खिडकीतून आत येणारे हात. माणसाचा चेहरा दिसायचा तो खाली वाकला तरच. त्यामुळे मी माणसांना हातांवरून ओळखायला शिकले. डोमाजीचा हात पहिल्यांदा आत आला तेव्हा तो थरथरत होता. बोटं विडी धरल्यासारखी एकमेकांवर घासत होती, आणि विडी तर तो ओढत नव्हता.

मानसोपचाराचे डॉक्टर महिन्यातून एकदा गोंदियाहून यायचे. त्यांच्या रुग्णांची कार्डं भरायचं काम माझ्याकडे होतं. डोमाजी बाकावर तासभर गप्प बसून होता. ना चुळबुळ, ना कटकट. आधीच्या महिन्यात याला दोरीने बांधून आणला होता हे मला ठाऊक होतं. म्हणून मी मोठ्या समाधानाने लिहिलं, 'रुग्ण शांत. सुधारणा आहे.' कार्ड त्याच्या हातात दिलं. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, त्याने एकेक अक्षर लावून वाचलं आणि कार्ड परत आत सरकवलं.

"बाई, हे खोडा."

"काय खोडू?"

"शांत नाई मी. बंद आहो." जीभ जड होती, एकेक शब्द ओढून काढत होता. "ज्याले बोलता येते अन् जो बोलत नाई, तो शांत. माही तं जीभच उचलत नाई. तुमच्या गोळीनं माह्या डोक्यातला मानूस चूप झाला, पन त्याच्यासंगं मी बी चूप झालो. खोडा ते."

मागे रांग होती. मी म्हणाले, "भाऊ, गोळी घ्या नि घरी जा." तो हलला नाही. खिडकीच्या फळीवर ते थरथरणारे दोन्ही हात त्याने पालथे मांडले आणि माझ्याकडे बघत राहिला. शेवटी मी 'शांत' खोडलं आणि 'हातापायांत व जिभेत जडपणा' असं लिहिलं. त्याने ते पुन्हा वाचलं, मान हलवली आणि गेला. मला राग आला होता, हे कबूल करते. माझं चुकलं होतं, हे कळायला आणखी महिना लागला.

डोमाजी पाणकर होता. आमच्या भागात जुन्या तलावांचं पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेतांना, वाटून देणारा गावाचा माणूस तो पाणकर. त्याचा बाप पाणकर, आजा पाणकर. तलावाच्या पाळीत, म्हणजे मातीच्या बांधात, तुडुम असतं, म्हणजे पाणी सोडायचं जुनं दगडी दार. त्याला एकाखाली एक भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडाचा जाड डाट. पाणी हवं असलं की पाणकराने पाण्यात बुडी मारायची, श्वास धरून डाट फिरवायचा आणि उपसून काढायचा. मग पाटाने पाणी निघतं, आणि कोणाच्या बांधीत किती वेळ जाऊ द्यायचं ते पाणकर ठरवतो.

हे ठरवायची डोमाजीच्या घरची एक रीत होती. बांबूची लांब काठी पाण्यात डाटाशी टेकवायची आणि दुसरं टोक कानाला लावायचं. पाणी कसं ओढ घेतंय ते काठीतून ऐकू येतं, असं तो सांगे. मी एकदा ऐकून पाहिलं. मला माझ्याच कानाची घूं घूं ऐकू आली. त्याला मात्र पाट कुठे फुटलाय तेही त्यातून कळायचं, आणि गाव तिथे जाऊन बघायचं तर पाट खरोखरच फुटलेला असायचा.

इथेच सगळा घोळ झाला. त्याला आवाज यायला लागले तेव्हा ते काठी कानाला लावल्यावरच यायचे. एक पुरुष, खर्जातला, नावाने हाक मारणारा. डोमाजीने घरी येऊन सांगितलं, तलाव माझ्याशी बोलतो. हेच एखाद्या शिंप्याने किंवा मास्तराने म्हटलं असतं तर आठ दिवसांत लोकांनी त्याला कुठेतरी उपचाराला नेलं असतं. पण हा पडला पाणकर, ऐकणं हाच त्याचा धंदा. गावाला वाटलं, बापापेक्षा पोरगा सवाई निघाला. पाळीवर नारळ फुटला, कोंबडा कापला गेला. भागरता, त्याची बायको, मला म्हणाली होती, "लोकं माह्या नवऱ्याच्या पाया पडून रायले होते बाई. मी कोनाले सांगू का हा रोज एकटाच भांडते म्हून?" अशी दोन वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षी धान ऐन लोंबीवर आलेला, पाऊस गेलेला, आणि त्या आवाजाने सांगितलं की पाणी सोडलंस तर गावातली लेकरं वाहून जातील. डोमाजी विळा घेऊन तुडुमावर बसला. तीन दिवस त्याने कोणाला जवळ येऊ दिलं नाही. त्याला लेकरं वाचवायची होती हो. गावाला मात्र बांध्यांना पडलेल्या भेगा दिसत होत्या. पाणीवाटप समितीचे अध्यक्ष हरिभाऊ, त्यांच्या विधवा बहिणीची बांधी पाटाच्या अगदी शेवटाला. ती वाळली ती वाळलीच. चौथ्या दिवशी चार जणांनी डोमाजीला दोरीने बांधून आमच्या दवाखान्यात आणला. डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचं निदान केलं आणि दवाखान्यात जी होती ती जुनी गोळी सुरू झाली.

समितीने तुडुमावर तात्पुरता दुसरा माणूस नेमला. ठरलं असं, की डोमाजी पुढच्या वर्षीच्या पहिल्या पाण्याला सगळ्यांसमोर डाट काढून दाखवेल तर पाणकर राहील. नाही तर तीन पिढ्यांचं काम त्याच्या घरातून जाईल. त्या माणसाचं सगळं भांडण या एका गोष्टीसाठी होतं. बरं वाटावं म्हणून तो औषध घेत नव्हता, पाणकर राहावं म्हणून घेत होता.

पुढच्या महिन्यात तो आला तो दुपट्ट्यात काहीतरी बांधून. दारावरच्या चौकीदाराने अडवलं. चौकीदार गोंदिया शहरातला, हिंदीशिवाय बोलायचा नाही. "अरे बाबा, ये क्या उठा लाया? मारपीट करेगा क्या?" दुपट्ट्यात घरी ठेवलेला एक जुना डाट होता. बिज्याच्या टणक लाकडाचा, पाण्याने काळा पडलेला, मांडीएवढा जाड, आणि त्याबरोबर तो ज्यात बसतो तसं एक लाकडी कडंही. चौकीदाराने तो जप्त केला. डोमाजी दारातच बसला, म्हणाला, डाट आत जाईल तेव्हा मी जाईन. अर्धा तास ओपीडीचं दार अडून राहिलं. शेवटी डॉक्टरच बाहेर आले.

डॉक्टर तरुण होते, नागपूरकडचे, चष्मा सतत नाकावर घसरलेला. डोमाजीने टेबलावर कडं ठेवलं, त्यात डाट ठोकून बसवला आणि म्हणाला, "साहेब, फिरवून पाहा." डॉक्टरांनी दोन्ही हात लावले, तोंड लाल झालं, डाट काही हलला नाही. "हे मी पान्याखाली एका दमात काढत होतो. आता माहा हात पाहा." त्याने हात लावला. बोटं डाटावर नुसती थडथडत राहिली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि चेहरा मात्र लाकडासारखा कोरा. त्या गोळीने रडतानाही चेहरा हलत नव्हता. 

"तुमची गोळी बंद करते का वाटून देते?" त्याने विचारलं.

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. मला कळला, कारण तोवर मी पाणकर म्हणजे काय ते ऐकलं होतं. मी समजावून सांगितलं. मग डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि केसपेपरच्या पाठीमागे रेघा मारत बोलू लागले. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. एका भागात त्याचं काम फार वाढतं, म्हणून आवाज येतात, असा समज आहे. जुनी गोळी ते अडवते, पण सगळीकडेच अडवते, हातपाय चालवणाऱ्या भागातही.

"म्हन्जे एक बांधी बुडून रायली म्हून सारं तुडुम बुजवलं," डोमाजी म्हणाला. "असा पाणकर आमी एक दिवस ठेवत नाई."

डॉक्टर हसले नाहीत, हे मला आवडलं. ते म्हणाले, नव्या प्रकारच्या गोळ्या आहेत. त्या डोपामिन अडवतातच, पण सेरोटोनिन नावाचं आणखी एक रसायन आहे, त्याची बसायची एक जागाही अडवतात. त्या जागेला रिसेप्टर म्हणतात. सेरोटोनिन तिथे बसलं की ते हाताकडच्या डोपामिनला दाबून धरतं. ती जागा अडवली की दाब उतरतो आणि हाताला थोडं डोपामिन मिळतं.

डोमाजीने त्या रेघांवरून बोट फिरवलं. "बांधीच्या धुऱ्यावर कोनी बसून रायला, अन् त्यानं पायानं पाट दाबून धरला. तुमी त्याले उठवता. मंग सुकल्या बांधीत पानी जाते."

"साधारण तसंच."

"साधारण काऊन?"

"कारण पूर्ण आम्हालाही माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "काहींना फायदा होतो, काहींना होत नाही. वजन वाढतं, साखर वाढू शकते. आणि मात्रा जास्त झाली तर हात पुन्हा जडही होतात."

बाहेर आल्यावर डोमाजी मला म्हणाला, "हा डाक्टर खरा आहे. मालूम नाई ते मालूम नाई म्हनते." त्या दिवसापासून त्याने डॉक्टरांशी भांडणं सोडलं असेल असं वाटत असेल, तर तसं काही नाही. उलट जोर चढला.

नवी गोळी सुरू झाली. दोन महिन्यांत खिडकीतून येणारा हात बदलला. आधी थरथर गेली, मग बोटं उलगडली. तिसऱ्या महिन्यात फळीवर बोटांनी ठेका धरून तो म्हणाला, "बाई, आज मी भागरतासंगं भांडलो. चांगला भांडलो." भागरता मागे उभी होती. "भांडू द्या," ती म्हणाली, "मले तं गोटा झालेल्या मानसाचा कंटाळा आला होता."

आणि नेमका त्यानंतर गोळ्यांचा साठा संपला. वरून येईल, येईल म्हणत काही येईना. मी फोनवर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अजिबात खंड नको, तोवर जुनी थोड्या मात्रेत द्या. मी ती दिली. डोमाजीने ती माझ्यासमोर गिळली, पाणी प्याला, आणि अंगणातल्या कडुलिंबाखाली जाऊन बसला.

"घरी जा ना भाऊ. आलं की निरोप पाठवते."

"पाट सुकला तं शेतकरी पाळीवर येऊन बसते बाई. घरी बसून पानी येत नाई."

रोज सकाळी दवाखाना उघडायच्या वेळी तो यायचा आणि बंद व्हायच्या वेळी जायचा. डबा सोबत. घोषणा नाही, फलक नाही. येणाऱ्या प्रत्येकाला फक्त एक विचारायचा, "तुमची गोळी भेटली का?" पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी बीपीची एक म्हातारी म्हणाली, नाही भेटली, आणि त्याच्या शेजारी बसली. तिसऱ्या दिवशी लिंबाखाली सात जण होते. हात पुन्हा थरथरायला लागले होते, आणि ते तो लपवत नव्हता, गुडघ्यांवर मांडून बसला होता, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील असे. मी त्या तीन दिवसांत जेवढे फोन केले तेवढे आधीच्या तीन वर्षांत केले नव्हते. चौथ्या दिवशी दुपारी गोंदियाहून खोकी आली. डोमाजीने आपलं पाकीट घेतलं, म्हातारीचं तिला मिळवून दिलं आणि मगच घरी गेला.

पाणी सोडायला दोन महिने उरले तेव्हा हरिभाऊ दवाखान्यात आले. वाईट माणूस नाही. पण बहिणीची वाळलेली बांधी ते विसरू शकत नव्हते. डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, हा अजून काठी कानाले लावून पुटपुटते. त्याचा आवाज पूरा बंद करा. तुडुम गावाचं आहे, एका मानसाच्या इलाजाचं नाई." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. डॉक्टरांनी डोमाजीला विचारलं. त्याने सरळ सांगितलं, हो, येतो आवाज, दुरून येतो. मात्रा वाढवली गेली.

पुढच्या महिन्यात डॉक्टर आले त्या दिवशी डोमाजी डाट घेऊन हजर. चौकीदाराने या वेळी न विचारता दार उघडलं. कड्यात बसवलेला डाट त्याने धरला, आणि डाट हलला नाही.

"साहेब, आवाज थोडासाक राहू द्या. हात मले पूरा पायजे."

डॉक्टर म्हणाले, धोका आहे, आवाज वाढला तर पुन्हा तोच प्रसंग येईल. मीही डॉक्टरांच्या बाजूने बोलले. म्हणाले, डोमाभाऊ, डोक्यात असा माणूस बसलेला असताना काम कसं होणार?

"बाई, तुमच्या शेजारी कोनी भांडत नाई का?"

"भांडतात की. रोज."

"मंग तुमी सैपाक बंद करता का?" आणि डॉक्टरांकडे वळून म्हणाला, "मी गोळी सोडून नाई रायलो. जलमभर खाईन. पन कोनती बांधी सुकवाची अन् कोनती भिजवाची, हे ठरवताना पाणकराले बी विचारा. डोकं माहं आहे."

डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला. मग अटी ठरल्या. मात्रा पूर्वीइतकी. डोमाजीची झोप मोडली, किंवा आवाज हुकूम सोडायला लागला आणि त्याला ते खरं वाटू लागलं, तर भागरता त्याच दिवशी त्याला आणेल, आणि तो नाही म्हणणार नाही. पाण्यात उतरताना कमरेला दोर, आणि दोर भागरताच्या हातात. "दोर मंजूर," डोमाजी म्हणाला. "बंदी नाई."

पाणी सोडायचा दिवस रविवार होता. मी मुर्रीहून मुद्दाम गेले. त्या वर्षी तलाव अर्धाच भरलेला, त्यामुळे वरचे डाट उघडे पडलेले आणि काढायचा होता तो खालचा, वर्षभर गाळात रुतलेला. पाळीवर सगळं गाव. हरिभाऊ पुढे, हात मागे बांधून. तात्पुरता नेमलेला माणूसही पंचा गुंडाळून तयार उभा होता.

डोमाजीने दोर बांधला, बुडी मारली. पाण्यावर बुडबुडे आले, मग तेही थांबले. तो वर आला तेव्हा हात रिकामे होते.  हरिभाऊंनी त्या दुसऱ्या माणसाकडे पाहिलं. मला वाटलं, गोळीने धोका दिला, की आम्हीच दिला?

डोमाजी धापा टाकत काठापाशी आला. बांबूची काठी मागितली, टोक डाटाशी टेकवलं आणि दुसरं कानाला लावलं.  याच काठीने गावाला तीन दिवस वेठीस धरलं होतं. भागरताने दोर घट्ट धरून सगळ्यांसमोर विचारलं, "का म्हनते तो?"

त्याला खोटं बोलता आलं असतं. मी तर मनात म्हणतच होते, म्हण बाबा, काही म्हणत नाही म्हण. त्याने काठी बाजूला ठेवली आणि हरिभाऊंकडे बघत, साऱ्या पाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पानी म्हनते, उजव्या अंगानं फिरव, डाव्या अंगाले गाळ आहे. अन् तो म्हनते, सोडू नको डोमा."

हरिभाऊ एक पाऊल पुढे आले.

"म्हून सोडतो," डोमाजी म्हणाला, आणि बुडी मारली.

या वेळी तो बराच वेळ आत राहिला. मग पाळीच्या पलीकडून आधी गुरगुर ऐकू आली, आणि तुडुमाच्या तोंडातून गढूळ पाण्याचा लोट पाटात पडला. लोक पाण्याकडे धावले. मी त्याच्याकडे बघत होते. तो डोकं झटकत वर आला, काखेत गाळाने माखलेला काळा डाट.

सोमवारी मी त्याच्या कार्डावर लिहिलं, 'आवाज थोडे आहेत. हात चालू.' ते त्याने खोडायला लावलं नाही. पुढे माझी गोंदियाला बदली झाली आणि त्याचा हात माझ्या खिडकीत येणं संपलं. आता आठवतो तो त्या रविवारचाच. काठावर येऊन त्याने डाट हरिभाऊंच्या हातात दिला, म्हणाला, "धरा," आणि ओल्या कपड्यांनी पाटाच्या कडेने पाण्याच्या पुढे पुढे चालू लागला, पायाने गवत बाजूला सारत. अंगावरून पाणी निथळत होतं, भागरता हातातल्या दोरासकट त्याच्या मागून ओढली जात होती, आणि तो कोणाला तरी मोठ्याने सांगत होता की आज पहिलं पाणी पाटाच्या शेवटच्या बांधीला जाईल, मग बाकीच्यांना. ती बांधी हरिभाऊंच्या बहिणीची. हरिभाऊ पाळीवर उभे होते, तो जड डाट दोन्ही हातांत धरून, आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.